तयार संघ, नवा प्रशिक्षक : शिकागो विद्यापीठाचा २०२२चा हंगाम

३ डिसेंबर २०२२ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या सेलम गावी शिकागो विद्यापीठाच्या पुरुष फुटबॉल संघाने विल्यम्स कॉलेजला २-० असं हरवलं आणि एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पूर्ण हंगामात २२ विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नाही. मुख्य प्रशिक्षक ज्युलियान सिच यांचा त्या पदावरचा हा पहिलाच हंगाम. पुरुषांच्या संघाला एनसीएए फुटबॉलचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

वर्तमानपत्रांनी साहजिकच शेवटच्या वाक्याची बातमी केली. या पातळीवरचं फुटबॉल मनापासून पाहणाऱ्या लोकांत मात्र वेगळाच वाद रंगतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. हा संघ त्यांनी घडवला, की त्यांना घडलेला मिळाला? आदल्या वर्षी उपांत्य फेरी गाठलेला संघ, त्यातले बरेचसे खेळाडू परत आलेले, मग प्रशिक्षकाचं श्रेय ते किती? लहान कॉलेजांच्या संघांविषयी दर ऑगस्टमध्ये हीच चर्चा होते. कोण पदवी घेऊन गेलं, कोण राहिलं, नवा कोच काय करील. शिकागोचं प्रकरण या चर्चेला तपासून पाहण्यासाठी फार चांगलं आहे, कारण इथे एकाच वेळी संघ जवळपास तोच राहिला आणि प्रशिक्षक पूर्णपणे बदलला.

तिसरी श्रेणी चालते कशी

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, आणि दहावी-बारावीला असताना मिळवलेले वाढीव क्रीडागुण. अमेरिकेत कॉलेजचा खेळ हे एक स्वतंत्र जग आहे आणि एनसीएएने त्याचे तीन थर केले आहेत. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. आर्थिक मदत मिळते ती कुटुंबाची परिस्थिती किंवा अभ्यासातली गुणवत्ता पाहून, गोल मारल्याबद्दल नाही. पुरुष फुटबॉलचे चारशेहून अधिक संघ या श्रेणीत आहेत आणि त्यातली बरीच कॉलेजं दोन-तीन हजार विद्यार्थ्यांची आहेत. राष्ट्रीय स्पर्धा १९७४ पासून होते.

अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत हा प्रश्न नेहमी निघतो : पैसे मिळत नाहीत तर मुलाने चार वर्षं एवढी धावपळ का करायची? याचं सरळ उत्तर असं की ही मुलं खेळण्यासाठी खेळतात, आणि चांगल्या कॉलेजच्या प्रवेशात प्रशिक्षकाचा शब्द काही प्रमाणात उपयोगी पडतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

शिकागो विद्यापीठ आकाराने लहान कॉलेज नाही, पण खेळाच्या बाबतीत त्याने स्वतःहून लहान व्हायचं ठरवलं. एके काळी ते बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडागटाचं संस्थापक सदस्य होतं. अमोस अलोन्झो स्टॅग यांच्यासारखा प्रशिक्षक तिथे अमेरिकन फुटबॉल शिकवत होता, आणि १९३५ मध्ये पहिली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे त्या खेळातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा जे बरवँगर तिथलाच. मग अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या काळात, १९३९ मध्ये, विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉल बंद केलं आणि १९४६ मध्ये बिग टेनही सोडलं. जुन्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉलचं हे विजेतेपद त्या घटनेला ८० वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळालं. सांगायचा मुद्दा इतकाच की या विद्यापीठात खेळाने अभ्यासाच्या आड येऊ नये हे धोरण फार जुनं आणि फार जाणीवपूर्वक घेतलेलं आहे. तिथला प्रशिक्षक ही चौकट मान्य करूनच काम करतो.

२०२२ च्या वसंतातली परिस्थिती

शिकागोने २०१७, २०१८ आणि २०२१ अशी तीनदा उपांत्य फेरी गाठली होती आणि तिन्ही वेळा अंतिम सामन्याच्या अलीकडेच थांबावं लागलं होतं. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही. २०२१ च्या हंगामानंतर मुख्य प्रशिक्षक गेले आणि जागा रिकामी झाली. २०२२ च्या वसंतात सिच यांची नेमणूक झाली. त्या डीपॉल विद्यापीठाकडून खेळलेल्या, पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या, आणि नेमणुकीच्या वेळी शिकागो रेड स्टार्स या महिलांच्या व्यावसायिक संघाच्या सहप्रशिक्षक होत्या. म्हणजे व्यावसायिक पातळीचा अनुभव भरपूर, पण पुरुषांच्या कॉलेज संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा नाही.

त्या वेळी या संघाविषयी दोन्ही बाजूंनी काय म्हणता आलं असतं, ते मांडून बघू.

आशावादी बाजू सोपी होती. उपांत्य फेरीचा अनुभव असलेला गाभा परत येतोय. कोविडमुळे एनसीएएने खेळाडूंना एक जादा वर्ष दिलं होतं, त्यामुळे देशभरच संघ वयाने मोठे झाले होते, आणि अनुभवी संघाला अशा काळात फायदा होतो. शिवाय शिकागो ज्या यूएए या आठ विद्यापीठांच्या गटात खेळतं, तो गट कठीण आहे. तिथे तावून सुलाखून निघालेला संघ नोव्हेंबरात घाबरत नाही.

शंकेची बाजूही तितकीच खरी होती. वसंतात नेमलेल्या प्रशिक्षकाने त्या वर्षीचा एकही खेळाडू निवडलेला नसतो. नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश तोवर ठरून गेलेले असतात. म्हणजे मैदानावरचे अकरा आणि बाकावरचे वीस, सगळे दुसऱ्याच्या पसंतीचे. त्यात तिसऱ्या श्रेणीचे तेव्हाचे नियम असे की हंगाम नसताना प्रशिक्षकाला संघाचा सराव घेता येत नसे. वसंतात पंधरा-सोळा दिवसांची मुभा असे, तेवढीच. बाकीचा काळ मुलं आपापली, कप्तानांच्या देखरेखीखाली खेळतात. त्यामुळे नव्या प्रशिक्षकाची आणि संघाची खरी गाठ ऑगस्टच्या उत्तरार्धात पडते आणि सप्टेंबर उजाडताच सामने सुरू होतात. ओळख व्हायलाही वेळ नाही.

या दोन बाजूंपैकी पहिली बरोबर ठरली असं निकाल पाहून वाटतं. मला ते पुरेसं वाटत नाही. पहिल्या बाजूचा सगळा भर ‘संघ चांगला आहे’ यावर आहे, आणि चांगला संघ व विजेता संघ यांच्यात किती अंतर असतं याचा हिशेब ती करतच नाही.

सहा सामन्यांचा हिशेब

राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीची असते. साठहून अधिक संघ, त्यातले बहुतेक आपापल्या गटाचे विजेते म्हणून थेट आलेले, थोडे समितीने निवडलेले. विजेतेपदासाठी सहा सामने जिंकावे लागतात. आता समजा एखादा संघ इतका बलवान आहे की स्पर्धेतल्या कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पाचपैकी चार सामने तो पुढे जाईल. फुटबॉलमध्ये, जिथे एका गोलावर आणि कधी पेनल्टी शूटआऊटवर निकाल लागतो, ही फार मोठी आघाडी झाली. तरीही सलग सहा सामने पार करण्याची त्याची शक्यता सुमारे २६ टक्केच निघते. दहापैकी सात जिंकणाऱ्या संघाची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास. दहापैकी नऊ जिंकणारा संघ, जो या पातळीवर क्वचितच असतो, तोही ५३ टक्क्यांवर अडतो.

म्हणून ‘तयार संघ मिळाला होता’ हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, मग तो संघ २०१७, २०१८ आणि २०२१ मध्ये तयार नव्हता का? होताच. उपांत्य फेरीपर्यंत चार सामने जिंकून जाणारा संघ कच्चा नसतो. तयार संघ हरणं हीच या स्पर्धेतली नेहमीची गोष्ट आहे. विजेतेपद हे तयारीचं आपोआप मिळणारं फळ असतं तर शिकागोला ते आधीच मिळालं असतं.

याच काळाचा दुसरा संदर्भ असा. २०१४ ते २०२१ या काळात सात विजेतेपदं दिली गेली. त्यातली सहा ईशान्येकडच्या नेस्कॅक या गटातल्या कॉलेजांनी नेली : टफ्ट्सने चार, ॲमहर्स्टने एक, कनेटिकट कॉलेजने एक. मधलं २०१७चं एकटं मेसायाचं. २०२२ च्या अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी विल्यम्स त्याच नेस्कॅकमधला. म्हणजे शिकागोसमोर त्या दिवशी मैदानावर एक कॉलेज होतं, पण मागे एका संपूर्ण गटाची सवय होती.

बाकावरचे वीस

कॉलेज फुटबॉल पाहिलं नसेल तर एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे बदली खेळाडूंचे नियम. आपण टीव्हीवर पाहतो त्या फुटबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. इथे येतो. पूर्वार्धात बाहेर गेला तर त्या अर्धात परत नाही, पण उत्तरार्धात बाहेर जाऊन एकदा परत येता येतं. बदलींच्या संख्येला मर्यादा नाही.

मैदानाच्या कडेला मध्यरेषेजवळ एक टेबल असतं. तिथे वेळ पाहणारा आणि नोंद ठेवणारा बसलेला. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला प्रशिक्षक बाकाकडे वळून चार नावं घेतो. चौघे अंगावरचे जाड कोट काढून टेबलाशी जाऊन उभे राहतात, आपले क्रमांक सांगतात. चेंडू बाहेर गेला, पंचाने खूण केली, की चौघे आत आणि चौघे बाहेर. बाहेर येणाऱ्यांचे श्वास थंडीत दिसत असतात. समोरच्या फलकावर घड्याळ पंचेचाळीसवरून उलटं शून्याकडे चाललेलं. शेवटची दहा सेकंदं राहिली की निवेदक ध्वनिक्षेपकावरून मोजायला लागतो, दहा, नऊ, आठ. इथे जादा मिनिटं नाहीत, शून्य म्हणजे शून्य. बाहेर काढलेले चौघे आता मध्यंतरापर्यंत आत येणार नाहीत. आघाडीचा मुख्य खेळाडू त्यात असेल तर पुढची वीस मिनिटं त्याच्याविना काढायची आहेत. हा निर्णय प्रत्येक सामन्यात, प्रत्येक अर्धात घ्यावा लागतो.

आता वेळापत्रक बघा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ३ डिसेंबरपर्यंत शिकागोने २३ सामने खेळले. सरासरी चार दिवसाला एक. यूएएचे सामने बहुतेक शुक्रवारी आणि रविवारी, आणि हा गट भूगोलाने विखुरलेला : अटलांटातलं एमरी, सेंट लुईसमधलं वॉशिंग्टन, पिट्सबर्गमधलं कार्नेगी मेलन, क्लीव्हलंडमधलं केस वेस्टर्न, बॉस्टनजवळचं ब्रँडाइस, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचं रोचेस्टर आणि न्यूयॉर्क शहरातलं एनवाययू. विमानाने जायचं, एक दिवसाआड दोन सामने, रात्री परत, सोमवारी वर्ग. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत पहिली आणि दुसरी फेरी लागोपाठच्या दिवशी, तिसरी आणि चौथीही तशीच. अशा ठिकाणी पहिले अकरा कितीही चांगले असले तरी दुसऱ्या दिवशी सत्तराव्या मिनिटाला त्यांचे पाय जड होतात. तिथे जिंकतो तो ज्याचे चौदावा, पंधरावा, सोळावा खेळाडू आदल्या दोन महिन्यांत भरपूर खेळलेले आहेत.

संघाच्या भवितव्याविषयी बोलताना लोक आघाडीच्या गोल करणाऱ्याचं आणि गोलरक्षकाचं नाव घेतात. ते सोपं असतं, कारण आकडे समोर असतात. मी पाहतो ते असं : आदल्या वर्षी ज्यांनी सामन्यात अर्धा तास खेळून काढला, पण सुरुवात केली नाही, त्यातले किती परत येताहेत? आणि सप्टेंबरात, निकाल अजून हातात असताना, प्रशिक्षक त्यांना खेळवतो का? २३ सामने अपराजित राहणं हे पहिल्या अकरांच्या जोरावर होत नाही. शिकागोच्या बाकाने हा भार उचलला असणार हा माझा निष्कर्ष निकालांवरून काढलेला आहे, पण वेळापत्रक पाहता दुसरा निष्कर्ष निघत नाही.

शिकागोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कॅलेंडरमध्ये दडलेली आहे. हे विद्यापीठ त्रैमासिक पद्धतीचं. शरद सत्राचे वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतात. म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून जवळपास महिनाभर संघ आवारात असतो आणि वर्ग नसतात. नव्या प्रशिक्षकाला याहून मोठी देणगी नाही. इतर कॉलेजांत मुलं प्रयोगशाळा आणि शिकवण्या सांभाळत सरावाला येतात, त्या काळात इथे दोन वेळा सराव, एकत्र जेवण, रात्री चित्रफिती पाहणं शक्य असतं. याची किंमत शेवटी चुकवावी लागते. सत्राच्या परीक्षा डिसेंबरच्या पूर्वार्धात, म्हणजे नेमक्या राष्ट्रीय उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या तोंडावर. परीक्षेचा अभ्यास विमानात करणाऱ्या मुलांकडून अंतिम सामना खेळवून घेणं हे प्रशिक्षणाचंच काम आहे, जरी त्याची नोंद कुठल्या आकडेवारीत होत नसली तरी.

हाताळायचं काय आणि सोडून द्यायचं काय

वर म्हटलं की हंगामाबाहेर प्रशिक्षक संघापासून दूर असतो. वर्षातले सात-आठ महिने संघ स्वतःच स्वतःला चालवतो. पहाटेच्या व्यायामाला कोण उठवतं, नव्या मुलाला कोण सामावून घेतं, खोलीत कुरबूर झाली तर कोण बोलतं, हे सगळं चौथ्या वर्षाच्या मुलांच्या हातात. ज्या संघाने तीनदा उपांत्य फेरी पाहिली आहे त्याच्याकडे ही व्यवस्था मुरलेली असते. नव्या प्रशिक्षकापुढचा पहिला प्रश्न डावपेचांचा नसतोच. या चालू व्यवस्थेतलं काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हा तो प्रश्न.

नवे लोक इथे बहुधा चुकतात. आपण आलो हे दिसावं म्हणून सगळं बदलतात : कप्तान, रचना, सरावाची वेळ. किंवा उलट, मुलांना दुखवायचं नाही म्हणून काहीच बदलत नाहीत, आणि उपांत्य फेरीत संघ जिथे अडत होता तिथेच पुन्हा अडतो. चालत्या गाड्याचा बैल बदलताना गाडा थांबवायचा नाही आणि जूही मोडू द्यायचं नाही, असं हे नाजूक काम. शिकागोचा संघ सप्टेंबरात अडखळला नाही, नोव्हेंबरात थकला नाही आणि उपांत्य फेरीपाशी या वेळी थांबला नाही. या तीन गोष्टी एकत्र घडल्या याचं श्रेय फक्त खेळाडूंना देणं मला अन्यायाचं वाटतं.

तुलनेसाठी दोन संघ घेतो, कारण एका उदाहरणावरून काहीही सिद्ध करता येतं.

पहिला मेसायाचा. पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गजवळचं हे छोटं ख्रिस्ती कॉलेज, आता विद्यापीठ. पुरुष फुटबॉलमध्ये ११ राष्ट्रीय विजेतेपदं, या श्रेणीत कोणापेक्षाही जास्त. डेव्ह ब्रँट यांनी २००० ते २००८ या काळात त्यातली सहा मिळवली आणि मग ते नौदल अकादमीच्या संघाकडे गेले. त्यांच्या जागी त्यांचेच सहकारी ब्रॅड मकार्टी आले आणि २००९ मध्ये, पहिल्याच हंगामात, विजेते झाले. २०१० मध्येही. पुढे २०१२, २०१३ आणि २०१७. इथेही लोक म्हणाले की तयार संघ होता. पण मकार्टी आतले होते. त्या घराच्या भिंती कुठे पोकळ आहेत हे त्यांना आधीच माहीत होतं. सिच बाहेरून आल्या आणि त्यांना ते एका उन्हाळ्यात ओळखावं लागलं. माझ्या मते हे अधिक अवघड काम आहे.

दुसरा टफ्ट्सचा. जॉश शपिरो यांनी २०१४, २०१६, २०१८ आणि २०१९ अशी चार विजेतेपदं मिळवली आणि मग ते हार्वर्डला गेले. टफ्ट्सकडे खेळाडूंची, नावलौकिकाची, प्रवेशासाठी रांग लावणाऱ्यांची कमतरता नव्हती. तरीही त्यानंतरची २०२१ ते २०२४ ही चारही विजेतेपदं इतरांकडे गेली. यात नव्या प्रशिक्षकाचा दोष शोधू नये, कारण वरचा सहा सामन्यांचा हिशेब त्यांनाही लागू आहे. पण वारशाने मिळालेला संघ म्हणजे वारशाने मिळालेला चषक नव्हे, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

महिला असण्याचा मुद्दा

हा मुद्दा टाळून प्रकरण पूर्ण होणार नाही. त्या हंगामात, ऑक्टोबरमध्ये, शिकागो आणि एनवाययू हे दोन संघ भेटले. एनवाययूच्या पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षक २०१५ पासून किम वायंट होत्या. १९८५ मध्ये अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाने इटलीत आपला पहिला सामना खेळला तेव्हा गोलपोस्टमध्ये उभ्या असलेल्या त्याच वायंट. दोन्ही बाकांवर महिला मुख्य प्रशिक्षक असलेला पुरुषांच्या एनसीएए फुटबॉलमधला तो पहिलाच सामना मानला गेला. आठ विद्यापीठांच्या एकाच गटात दोन महिला प्रशिक्षक असाव्यात ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. जिथे एका संस्थेने पाऊल टाकलं, तिथे दुसरीला ते कमी धाडसाचं वाटतं.

शंका घेणारे म्हणत, मुलं ऐकतील का. या शंकेला माझं उत्तर असं की मुलं ज्ञानाला ऐकतात. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला आपल्या बचावफळीतली फट कुठे उघडते आहे हे कोणी अचूक दाखवलं, आणि पुढच्या सामन्यात ती फट बंद झाली, की दाखवणारा कोण याला त्याच्या लेखी महत्त्व उरत नाही. व्यावसायिक संघात रोज काम केलेली व्यक्ती ही नजर घेऊन येते. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये अशी नजर असलेली माणसं आहेत, आणि पुरुषांच्या कॉलेज संघांनी ती कधी शोधलीच नव्हती.

याला इतिहास आहे. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा टायटल नाइन हा कायदा झाला, त्याआधी महिलांच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून अधिक महिला होत्या. कायद्याने मुलींचे संघ वाढले, पैसा आला, नोकऱ्या चांगल्या झाल्या, आणि त्या नोकऱ्यांवर पुरुष आले. आज महिलांच्याच संघांवर महिला प्रशिक्षक निम्म्याहून कमी आहेत. उलट दिशेची वाट, महिलेने पुरुषांचा संघ सांभाळणं, जवळजवळ बंदच राहिली. एका जागेसाठी निम्म्या उमेदवारांकडे पाहायचंच नाही असं ठरवलं तर चांगला प्रशिक्षक मिळण्याची शक्यता आपणच कमी करतो. तिसऱ्या श्रेणीत तर पगार मोठे नाहीत, मागे लागणारे दलाल नाहीत. तिथे निवड समितीने कुठे शोधलं यावरच बरंचसं ठरतं.

या नेमणुकीचं मला कौतुक वाटतं ते इथे. अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर असलेला संघ हाती असताना बहुतेक संस्था सावध निवड करतात : शेजारच्या कॉलेजचा यशस्वी सहायक, किंवा आपलाच जुना खेळाडू. त्यात गैर काही नाही, मेसायाला तसंच यश मिळालं. पण शिकागोच्या खेळाडूंना घर कसं चालवायचं हे माहीत होतं. बाहेरून हवी होती ती शेवटच्या दोन सामन्यांची नजर. आतल्या माणसाकडून ती मिळणं कठीण होतं.

प्रकरण कुठे अपुरं आहे

एका हंगामावरून प्रशिक्षकाचं मूल्यमापन होत नाही, आणि हे मी सिच यांच्या बाजूने असूनही म्हणतो. अपराजित हंगामातही नशिबाचा वाटा असतो. त्या वर्षी नियम बदलून साखळी सामन्यांतला जादा वेळ काढून टाकला गेला. आधीच्या वर्षांत बरोबरीतला सामना जादा वेळेत जायचा आणि पहिला गोल करणारा जिंकायचा. त्यामुळे त्या एका बरोबरीची जागा जुन्या नियमात विजयाने घेतली असती की पराभवाने, हे सांगता येत नाही. ‘अपराजित’ या बिरुदाला मी म्हणूनच फार महत्त्व देत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचे सहा विजय, तेही जादा वेळ आणि पेनल्टींची टांगती तलवार असताना मिळवलेले, मला त्याहून मोठे वाटतात.

कोणत्याही कॉलेज प्रशिक्षकाची खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या वर्षी होते, जेव्हा मैदानावरचे सगळे त्यानेच निवडलेले असतात. प्रवेशाची तारीख, गुणपत्रिका, आई-वडिलांची शंका, शिष्यवृत्तीशिवाय मन वळवणं, हे काम सामन्याच्या दिवसापेक्षा फार निराळं आहे. पहिल्या वर्षी दुसऱ्याची निवड सांभाळणारा माणूस पुढे स्वतःची निवडही तितकीच चांगली करीलच असं नाही. उलटही घडतं : उत्तम निवडणारे कितीतरी प्रशिक्षक मिळालेला संघ पहिल्याच वर्षी विस्कटून टाकतात.

पुढच्या वेळी एखाद्या लहान कॉलेजचा यशस्वी प्रशिक्षक मोठ्या संस्थेत निघून गेला आणि ऑगस्टमध्ये त्या संघाच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली, तर मी आधी तीन गोष्टी विचारीन. सामन्यात अर्धा तास खेळणारे किती जण परत येताहेत. कप्तान कोण आहेत आणि नव्या प्रशिक्षकाने त्यांना कायम ठेवलं का. आणि संघ आधी नेमका कुठे अडत होता, त्या जागेचं ज्ञान असलेला माणूस आणला आहे की नुसताच ओळखीचा. गोल करणाऱ्यांची यादी मी त्यानंतर उघडीन.